जिजीने भरवलेली सभा

आई मला कामाच्या वेळेत कधी फोन करत नाही. त्या दिवशी सकाळी साडेअकराला तिचा फोन आला, तेव्हा मी ओझरच्या कारखान्यात, भांडारात, आलेल्या मालाच्या पेट्या उतरवून घेत होते. "जिजी गेली गं," एवढंच ती म्हणाली. मागून कळलं ते असं, की पहाटे उठून जिजीने बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधल्या, चहा घेतला, "जरा पडते" म्हणाली, ती उठलीच नाही. मी गावी पोचले तेव्हा जुड्या ओल्या गोणपाटाखाली ओट्यावर तशाच होत्या… याला आता दीड महिना झाला.

जिजी म्हणजे माझ्या वडिलांची चुलत वहिनी. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. दीड एकर मळा आणि एक विहीर, एवढा तिचा संसार. दिंडोरीच्या रस्त्याला, फाट्यापासून तीन किलोमीटर आत आमचं गाव. चहूबाजूंनी द्राक्षबागा, मधेच जिजीची मेथी-कोथिंबीर. शाळेत ती कधी गेली नाही. सही करायला शिकली ती पन्नाशीच्या जवळ, बचत गटात, आणि तेव्हापासून सहीबाबत फार कडक झाली. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. मला त्याचा अभिमान आहे आणि मी तो लपवत नाही. पण ती पदवी कुठून आली हे सांगायचं तर ग्रामपंचायतीच्या एका रजिस्टरपासून सुरुवात करावी लागते.

आपल्या राज्याच्या ग्रामपंचायत कायद्यात एक चांगली तरतूद आहे. नेहमीच्या ग्रामसभेआधी गावातल्या बायकांची वेगळी सभा घ्यायची आणि तिथले ठराव ग्रामसभेपुढे ठेवायचे. आमच्या गावात ही सभा नियमित होत असे… रजिस्टरमध्ये. पंचायतीचा शिपाई रघुनाथ सायकलवरून रजिस्टर घेऊन घरोघर फिरायचा, बाया चुलीपाशी बसल्याबसल्या सही नाहीतर अंगठा द्यायच्या, की झाली महिला सभा. कोणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. मी दहावीला होते त्या वर्षी तो असाच जिजीकडे आला. मी तिथेच जुड्या बांधू लागत होते.

"जिजी, सही कर."

"कशाची?"

"महिला सभेची."

"कधी झाली?"

"काल."

"काल? काल मी दिवसभर मेथी उपटत होते. शेजारच्या वावरात तुझी बायको खुरपत होती. मग सभेला कोण होतं रे, तू लुगडं नेसून बसला होता का?"

रघुनाथ हसला, पण जिजी हसत नव्हती. बचत गटाच्या बैठकीत एका मॅडमने हा कायदा समजावून सांगितला होता, तो तिने पक्का डोक्यात ठेवला होता. तिने रजिस्टर मिटलं, मांडीखाली घेतलं आणि पुन्हा जुड्या बांधायला लागली. "सभा झाली का घेऊन जा." दुसऱ्या दिवशी ग्रामसेवक भाऊसाहेब स्वतः आले. "जिजी, सरकारी कागद आहे तो. असा घरात ठेवता येत नाही." त्यावर ती म्हणाली, "मग भाऊसाहेब, सभेची सही माझ्या घरात घेता येती का?" चार दिवसांनी, दुपारी दोन वाजता, समाजमंदिरात आमच्या गावची पहिली खरीखुरी महिला सभा भरली.

वीस-पंचवीस बाया आल्या होत्या. निम्म्या तर भाऊसाहेबांची फजिती बघायला. मी आईच्या पाठीशी बसले होते. "बोला, काय पाहिजे?" जिजीने विचारलं. मग एकीने नळाचं काढलं आणि सगळ्या एकदमच बोलायला लागल्या. ते निवल्यावर जिजीने गाडीचा विषय घेतला. संध्याकाळची एसटीची गाडी फाट्यावरून सरळ पुढे जायची. कॉलेजातून येणाऱ्या मुलीला फाट्यापासून तीन किलोमीटर बागांमधून अंधारात चालत यावं लागलं असतं, म्हणून दहावीपुढे आमच्या गावातली एकही मुलगी शिकलेली नव्हती. माझ्या वडिलांनीही सांगून टाकलं होतं, "दहावी झाली का बास. गाडी गावात येत नाय, विषय संपला." जिजीने हे सगळं मांडलं आणि आईकडे बघत बसली. माझी आई मोठ्या माणसांसमोर कधी तोंड उघडायची नाही. तिने पदर सारखा केला, खाली बघत म्हणाली, "माझ्या पोरीला शिकायचंय." तिला चारचौघांत काही मागताना मी तोवर ऐकलंच नव्हतं. "लिहा भाऊसाहेब," जिजी म्हणाली, "शब्द न् शब्द लिहा."

मग ग्रामसभेत ठराव वाचला गेला. एकजण म्हणाला, "आज बायांनी गाडी मागितली, उद्या इमान मागतील. ओझरचा इमानाचा कारखाना जवळच हे!" मांडवभर हसू. जिजी मागून ओरडली, "इमानाचं नंतर बघू रे, आधी गाडी तर आणून दाखव." हात वर करायला सांगितले तेव्हा मी फक्त वडिलांकडे बघत होते. त्यांचा हात वर आला. सगळ्यांत शेवटी, पण आला.

ठरावाची नक्कल घेऊन जिजी डेपोत खेटे घालत राहिली. भाजी विकून परतताना रिकामी पाटी घेऊन साहेबांच्या दारात बसायची. तिकडे कॉलेज सुरू झालं. माझा जीव नुसता टांगणीला… आणि वर्ग भरून तिसरा आठवडा लागला तेव्हा सकाळ-संध्याकाळ गाडी गावात यायला लागली. उशिरा का होईना, मला प्रवेश मिळाला. पहिल्या दिवशी सकाळी जिजी माझ्याबरोबर गाडीत चढली. काही काम नव्हतं तिला. फाट्यापर्यंत माझ्या शेजारी ताठ बसली, तिकीट पदराला बांधलं, फाट्यावर उतरली आणि तीन किलोमीटर चालत घरी गेली.

मी बीकॉम झाले, नोकरीला लागले, लग्न होऊन नाशिकला आले. जिजी कोणाच्या तरी मोबाइलवरून फोन करायची. "येत्या महिला सभेला ये. पोरी दहावीनंतर बसून राहायला लागल्या पुन्हा. तू सांग त्यांना. माझं ऐकून ऐकून कंटाळल्या." मी म्हणायचे, जिजी, महिनाअखेर आहे, सुट्टी मिळत नाही. खरं म्हणजे मागितली असती तर मिळाली असती. "बरं, पुढच्या खेपेला," ती म्हणायची. एकदाही टोमणा मारला नाही. मारला असता तर आज बरं वाटलं असतं.

गेल्या आठवड्यात महिला सभा होती. मी रजेच्या अर्जात कारण म्हणून तेच लिहिलं. साहेबांनी दोनदा वाचलं आणि सही केली. आता गावात ग्रामसेविका आहे, तरुण मुलगी. सभेला अवकाश होता म्हणून मी तिच्याकडे जुनी रजिस्टरं मागितली. मला जिजीचं बोलणं वाचायचं होतं. पानामागून पान उलटत गेले… जिजी कुठेच नव्हती. सगळीकडे 'चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर', आणि खाली सूचक म्हणून तिची सही, दरवर्षी थोडी अधिक कापरी. आईचं ते वाक्यही नव्हतं. गेल्या दोन वर्षांच्या पानांवर मात्र माझं नाव सापडलं, पाहुण्या म्हणून. 'विषय : मुलींना शिक्षणाबाबत मार्गदर्शन. पाहुण्या गैरहजर असल्याने विषय पुढील सभेत घेण्याचे ठरले.' पुढच्या सभेत पुन्हा तेच. त्यापुढच्या सभेत पुन्हा. पाच वेळा. पाचही वेळा सूचक तीच.

"तो विषय आजही आहे, मॅडम," ग्रामसेविका म्हणाली. "राहिलेला विषय पुढे घ्यावाच लागतो."

विषय पुकारला तेव्हा मी उभी राहिले. समोर पन्नासेक बाया, पुढे गणवेशातल्या सात-आठ मुली, कडेला माझी आई. काय काय बोलले ते मला नीट आठवत नाही. इतिवृत्तात एवढंच आहे, की पाहुण्यांनी मार्गदर्शन केले. बोलता बोलता मी तीनदा थांबून दाराकडे बघितलं, ते त्यात लिहिलेलं नाही.