बेडकाच्या चपलांचं गाणं

फोन आला तेव्हा मी एम.पी. नगरच्या कोचिंग क्लासमध्ये फळा पुसत होते. अयोध्या नगरातल्या शर्माभाभी एवढंच म्हणाल्या, "दीदी, मौसीजी नहीं रहीं... सोते-सोते ही चली गईं।" मौसीजी म्हणजे त्यांच्या शेजारी राहणारी आमची कुमुदमावशी. नात्याने कुणीच नव्हे. कारखान्याच्या टाउनशिपमध्ये आमच्या समोरच्या क्वार्टरमध्ये एकटी राहायची. आज दीड महिना झाला, तरी रविवार आला की पाय तिच्या घराकडेच वळतात, आणि मग मला माझाच राग येतो.

ड्रॉइंग विभागात ती ट्रेसर होती. इंजिनियरांच्या नकाशांवरून दिवसभर सरळ रेघा गिरवायच्या, केसभर चूक चालायची नाही. म्हणून की काय, घरी आल्यावर सरळ रेघेशी तिचं हाडवैर! मशिनरीच्या खोक्याची एक भलीथोरली प्लायवुडची फळी तिने बैठकीत उभी केली होती आणि तिच्यावर आम्हा मुलांची बडबडगीतं काढायला घेतली होती. आमच्या ब्लॉकमध्ये तेलुगू, बंगाली, मल्याळी, पंजाबी, सगळे शेजारी शेजारी. एकेक मूल स्टुलावर उभं राहून आपल्या घरचं गाणं म्हणायचं. मावशीला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही, आणि तिला तेच हवं असायचं. डोळे मिटून नुसता आवाज ऐकायची... मग हात चालू लागायचा, सापडेल ते फळीवर चिकटवायचा. पद्माच्या तेलुगू गाण्याचे रंगवलेले चिंचोके झाले, बिट्टूच्या पंजाबी गाण्याची लाल-पिवळी बटणं, कुणाचं साडीच्या काठाचं भिरभिरं. चित्रात ना घोडा, ना चांदोबा. पण आपलं गाणं कुठलं, ते प्रत्येक मूल बरोबर बोट ठेवून दाखवायचं.

माझं मात्र त्यात नव्हतं. चपला घालून लग्नाला निघालेल्या बेडकाचं, माझ्या आईने रचलेलं चार ओळींचं गाणं मी कितीदा तरी घसा ताणून म्हटलं. मावशी नुसती हसायची.

"अगं, तुझं मला कळतं ना! तू म्हटलंस की मला तो बेडूकच दिसतो. मग बेडूकच काढावा लागेल."

"मग काढ की बेडूक!"

"छट्, मग ते चित्र कुठलं?"

मराठी असण्याचं एवढं दुःख मला पुढे कधी झालं नाही. आठवडाभर मी अबोला धरला. आज हसण्यावारी नेतेय, पण पन्नाशी आली तरी ते सलत होतं.

रिटायर झाल्यावर मावशी क्वार्टर सोडून अयोध्या नगरात गेली, फळीही गेली. हळूहळू ऐकू येणं कमी झालं, कानात मशीन आलं. शेवटच्या रविवारी चहा झाल्यावर तिने एकाएकी ते मशीन काढून टेबलावर ठेवलं. म्हणाली, "हं, म्हण आता तुझा बेडूक. आता नुसती गुणगुण ऐकू येते मला, शब्द नाही कळत."

मला वाटलं, म्हातारपणाचा चाळा. तरी दोन ओळी म्हटल्या. तेवढ्यात क्लासमधून फोन आला, दोन बॅच एकाच खोलीत बसवल्या होत्या. मी घाईघाईने मशीन तिच्या कानात बसवलं आणि मोठ्याने म्हटलं, "उरलेलं पुढच्या रविवारी!" तिने मान हलवली. शुक्रवारी ती गेली.

तेराव्यानंतर शर्माभाभींनी फळी माझ्या घरी पोचवली. "मौसीजी बोल के गई थीं, ये आपकी है।" खाली उजव्या कोपऱ्यात, माझ्या आठवणीत जिथे काहीच नव्हतं, तिथे कूलरच्या जळालेल्या मोटरमधली तांब्याची तार चिकटवलेली दिसली. टुणकन उडी, मग वळण, पुन्हा उडी, पुन्हा वळण... आणि तिथेच थांबलेली. पुढची तार तिने तोडली नव्हती. वेटोळं करून तशीच लोंबती ठेवली होती, पुढच्या रविवारसाठी.

मला मावशी हवी आहे, दुसरं काही नको. रोज सकाळी फळीवरची धूळ पुसताना त्या तारेचं टोक माझ्या ओढणीत अडकतं. ते सोडवता सोडवता मी उरलेल्या दोन ओळी मोठ्याने म्हणते. तार आहे तिथेच असते.