उशीर झाला, कारण…

रेडिओ स्टेशनात तिला सगळे सुपीकताई म्हणत. सकाळच्या कार्यक्रमात श्रोत्यांना काय विचारायचं, कोणती स्पर्धा घ्यायची, आज कसलं खूळ काढायचं, हे सगळं तिच्या सुपीक डोक्यातून निघायचं. हे नाव ठेवलं होतं निवेदकाने. त्याचं ‘पोपट’ हे नाव तिने ठेवलेलं, त्यामुळे फिट्टंफाट.

तिची प्रत्येक स्पर्धा आधी घरी व्हायची. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचा आणि कशालाही हसायचा, म्हणून त्याचं मत बाद. सासूबाईंनी मात्र हातातला चमचा खाली ठेवून “म्हणजे काय गं?” असं विचारलं, की सुपीकताई समजायची, जमलं. एकदा त्यांनी चमचा ठेवला नव्हता तरी तिने हट्टाने ‘अर्धं मिनिट शांतता’ घेतली. श्रोत्यांनी खिडकी उघडावी आणि बाहेर काय ऐकू येतं ते फोन करून सांगावं, एवढी साधी गोष्ट. पण यंत्रखोलीतल्या काकांना आधी कोणी सांगितलंच नाही. आवाज बंद झाला म्हणून ते धावत आले आणि त्यांनी मुख्य बटणच खाली ओढलं. अर्ध्या मिनिटाची शांतता अकरा मिनिटं चालली. स्टेशनच्या साहेबांनी त्यानंतर तिला आठवडाभर फक्त हवामान लिहायला लावलं.

‘उशीर झाला, कारण…’ या स्पर्धेला मात्र सासूबाईंनी चमचाच काय, ताटही बाजूला सारलं. कामावर उशिरा पोचल्यावर तुम्ही मारलेली सगळ्यात भारी थाप फोनवर सांगायची, आणि रोज एका विजेत्याला गजराचं घड्याळ. पहिल्याच दिवशी फोन वाजायचे थांबेनात. पोपट इतका हसला, की त्याला दोन वेळा बातम्या उशिरा वाचाव्या लागल्या.

तिसऱ्या आठवड्यात छत्रीच्या कारखान्यातल्या एका कामगाराचा फोन आला. गडी मोठ्या खुशीत होता. “मी सुपरवायझर बाईंना सांगितलं, लिफ्टमध्ये अडकलो होतो. एका महिन्यात तीनदा अडकलो! आणि गंमत म्हणजे आमचं घर तळमजल्यावर आहे!”

घड्याळ अर्थातच त्याला मिळालं. चार दिवसांनी तेच घड्याळ घेऊन त्याची बायको स्टेशनच्या दारात उभी राहिली.

“हे घ्या तुमचं घड्याळ,” ती सुपीकताईच्या टेबलावर ते आपटत म्हणाली. “कारखान्यात पॅकिंगच्या खोलीत दिवसभर रेडिओ चालू असतो. बाईंनी सगळं ऐकलं आणि ह्याला घरी बसवलं. आता रोज सहाला गजर होतो, हा उठून बसतो, आंघोळ करतो, भांग पाडतो. जायचं कुठे?”

आजवर तिच्या स्पर्धांनी लोक हसले होते, फार तर कंटाळले होते. सुपीकताईच्या कुठल्याही खुळापायी कुणाची नोकरी गेली नव्हती. साहेब म्हणाले, “आपण काय करणार? तोंड त्याचं होतं.” “फोन आपला होता,” ती म्हणाली आणि पर्स उचलून निघाली.

कारखान्यात एका लांब खोलीत शेकडो छत्र्या उघड्या ठेवलेल्या होत्या आणि वरच्या नळीतून त्यांच्यावर पाणी सोडून त्या गळतात का ते बघणं चाललं होतं. मध्ये सुपरवायझर बाई उभ्या. शिडशिडीत, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, चेहरा कडक इस्त्रीचा.

“रेडिओवाल्या का?” त्यांनी विचारलं. “आता माझ्यावर काय स्पर्धा आहे?”

सुपीकताईने त्या लिफ्टवाल्या कामगाराचा विषय काढला.

“दुसऱ्यांदा अडकला ना, तेव्हा मी त्याला खुर्ची दिली होती,” बाई म्हणाल्या. “पाणी पाजलं. तिसऱ्या वेळी म्हटलं, दुरुस्तीवाल्याशी मी बोलू का? आणि सगळं गाव हसतंय. मला.”

म्हणजे राग थापेचा नव्हता. सुपीकताई तिथेच एका खोक्यावर बसली. “चुकलं माझं,” ती म्हणाली. “पलीकडे ऐकणारं माणूस असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.”

बाईंनी कपाट उघडून एक जाडजूड वही काढली. “एकोणीस वर्षांची कारणं आहेत ह्यात. ऐका. ‘आजेसासू वारल्या.’ त्याही चौथ्यांदा. ‘कुत्र्याने किल्ली गिळली, वाट बघत होतो.’ ‘स्वप्नात कामावर येऊन गेलो, वाटलं आजचं झालं.’”

आवाज असा सपाट, की जणू मालाची यादीच वाचतायत. सुपीकताईने ओठ दाबून पाहिले, रुमाल तोंडाला लावून पाहिला, शेवटी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. बाईंच्या इस्त्रीलाही कोपऱ्यात बारीकशी सुरकुती पडली.

“बाई, निकाल तुम्ही द्यायचा,” सुपीकताई डोळे पुसत म्हणाली. “दर गुरुवारी. नाव नाही, कारखान्याचं नाव नाही, फोन करणाऱ्याचंही नाही. फक्त कारण, आणि ते तुम्हाला पटलं की नाही.”

“माझा आवाज घोगरा आहे.”

“म्हणूनच.”

“आणि त्याला उद्यापासून ये म्हणावं,” बाई वही मिटत म्हणाल्या. “जिन्याने.”

पहिल्या गुरुवारी पोपटाने पाच मिनिटांची लांबलचक ओळख करून दिली. बाईंनी त्यावर “पुढे,” एवढंच म्हटलं. एकाने सांगितलं, सासऱ्यांचे दात चुकून डब्यात आले, परत द्यायला गेलो. “पटलं,” बाई म्हणाल्या. “असले दात मी पाहिलेत.” त्या एका वाक्यावर स्टेशनचे सगळे फोन एकदम वाजायला लागले. पोपट दोन दिवस रुसला. चौदा वर्षं बडबडून त्याला जे जमलं नव्हतं, ते ह्या बाईंनी एका वाक्यात केलं होतं.

महिन्याभराने त्या कामगाराच्या बायकोचा फोन आला. सुपीकताईने घाईने फोन कानाला लावला.

“आता काय झालं?”

“अहो, मजा!” ती हसत म्हणाली. “तुमचा कार्यक्रम आटपून बाई कारखान्यात पोचेपर्यंत साडेनऊ होतात. दर गुरुवारी उशीर! काल सगळे फाटकात रांगेने उभे. आमचे हे बाईंचीच वही उघडून पुढे. म्हणाले, बाई, कारण सांगा.”

“मग?”

“बाई म्हणाल्या, रेडिओवर होते. सगळे एकदम ओरडले, नाही पटलं! बाईंनी स्वतःच्या हाताने वहीत लिहिलं, तारीख घातली, सही केली. आणि मग अशा काही हसल्या म्हणता… ह्यांनी बारा वर्षांत पाहिलं नव्हतं.”

सुपीकताईने फोन ठेवला आणि खुर्चीत मागे रेलून ती एकटीच हसत बसली. काचेपलीकडून पोपट हातवारे करत होता, उद्याचं काय, उद्याचं काय. तिने त्याला हातानेच थांब म्हटलं, आणि आणखी थोडं हसून घेतलं.