अर्धा राब पाचोळ्याचा

दादा ओट्यावर बसला होता. त्याचा उजवा पाय बांबूच्या कामट्यांत बांधून समोर लांब केलेला होता आणि तो माझ्याकडे न बघता दोरी वळत होता. अंगणात धर्माकाकाची बैलगाडी उभी होती. गाडीत माझी पत्र्याची पेटी, वळकटी आणि आयने बांधून दिलेली नाचणीची भाकरी. मुरबाडपर्यंत गाडी, तिथून कल्याणला सर्व्हिस मोटार आणि कल्याणहून पुण्याची गाडी, असा माझा रस्ता होता. मी पेटी दोनदा उतरवून पुन्हा चढवली. शेवटी दादा दोरीतून डोके वर न काढता म्हणाला, "जा रे गज्या. पाय माझा मोडलाय, घर नाय मोडलं."

माझे घर सुटले ते त्या दिवशी. त्याआधीही मी बाहेरच असे, पण ते येणे-जाणे होते. आमचे गाव सिद्धगडाच्या पायथ्याशी. गावात शाळा चौथीपर्यंत. पुढे मामाकडे सापगावला राहून शहापूरच्या शाळेत गेलो, नंतर कल्याणला इंग्रजी शिकलो आणि तिथून पुण्याच्या शेतकी कॉलेजात. वडील मी लहान असतानाच गेले. मला शिकवायचे हे दादाने ठरवले होते. त्याने ते का ठरवले हे त्याने कधी सांगितले नाही आणि आमच्याकडे असे विचारत नाहीत.

गावाला मात्र पुष्कळ सांगायचे होते. धर्माकाका म्हणजे आमच्या बांधाला बांध असलेला म्हातारा. दोन्ही घरांची कामे एकत्र चालत, त्यामुळे टोमणे मारण्याचा हक्क त्याला आपोआप मिळाला होता. तो म्हणे, "शेती शिकाया पुण्याला? आरं, माझ्याकडं ये, मी फुकाट शिकवतो. वर न्याहारी देतो." मी सुटीत आलो की तो भर अंगणात आयला हाक मारी, "काय गो वयनी, तुमचा साहेब आला नव्हं? माझ्या म्हशीला विचारायचंय त्याला, दूध का देत नाय ती."

पुण्यात मी पहिल्यांदा माती तोलली. घरी माती तुडवतात, खणतात, पायाला लावून घेतात. तिथे ती चाळणीतून गाळून, वाळवून, काचेच्या नळीत पाण्याबरोबर हलवून ठेवत आणि मग जाड कण खाली, बारीक कण वर असे तिचे थर नळीत बसत. आमच्या तांबड्या मातीचा एक डबा मी घरून नेला होता. तो नळीत बसलेला पाहून मला कोण आनंद झाला! वाटले, आपल्या गावातलेच कोणी ओळखीचे माणूस कोट घालून समोर येऊन बसले आहे.

शेवटच्या वर्षाला एक मुख्य विषय निवडायचा असे. मुले तो नोकरी बघून निवडत. डेअरी घेणाऱ्याला लष्कराच्या गोठ्यात जागा मिळेल अशी बोलवा होती. माझ्या खोलीतला एक नागपूरकडचा मुलगा फळबागेत गेला, कारण घरची संत्री होती. कोणी बियाण्यांकडे, कोणी शेतीच्या अर्थशास्त्राकडे. रात्री मेसमध्ये यावर भांडणे होत आणि प्रत्येकाला आपला विषय म्हणजे देशाचे भविष्य वाटे. मी जमीन घेणार होतो. आमचे प्रोफेसर मातीच्या तापण्यावर काही काम करत होते. त्यांना आमच्या भागातल्या राबाची माहिती हवी असे. "ठाणे जिल्ह्यातला तू एकटाच आहेस. सुटीत घरी बघ आणि मला येऊन सांग," असे ते म्हणाले होते.

राब म्हणजे काय हे आमच्याकडच्या लोकांना सांगायला नको. बाहेर मात्र मला ते जन्मभर सांगावे लागले आहे. भाताचे रोप ज्या तुकड्यात करायचे तो तुकडा आधी भाजून काढतात. शेणाचा थर, त्यावर झाडांच्या तोडलेल्या पानाफांद्यांचा म्हणजे टाहाळाचा थर, त्यावर गवत, त्यावर बारीक माती. वारा जिकडे जातो त्या बाजूने पेटवायचे, म्हणजे आग वाऱ्याला तोंड देत हळूहळू सरकते आणि जमीन खोलवर तापते. अशा जमिनीत रोप जोमाने येते आणि गवत माजत नाही. टाहाळ तोडायला ऐनाच्या झाडावर चढावे लागते. पुरुष वर चढून कोयतीने तोडतात, बाया भारे डोक्यावरून खाली आणतात.

त्या साली शिमग्याच्या आधी दादा ऐनावरून पडला. मी परीक्षा देऊन चैत्रात घरी आलो तेव्हा तो खाटेवर होता आणि अंगणाच्या कडेला टाहाळाचे भारे रचलेले होते. नेहमीच्या निम्मे. पडायच्या आधी तेवढेच तोडून झाले होते. पायाला कळ होतीच, पण दादाचा डोळा त्या भाऱ्यांवर होता. हाड बसवणारा म्हणाला होता, पाय सुधारेल, चालता येईल, पण झाडावर चढायचे नाव काढू नका. म्हणजे या सालची गोष्ट वेगळीच, पुढे दर साली कोण चढणार हा प्रश्न होता. घरात आय, वहिनी आणि तिच्या दोन लहान मुली.

मी सांगून टाकले की मी पुण्याला परत जात नाही.

आयला ते हवेच असावे. वहिनीने चुलीत लाकूड सारले. दादा म्हणाला, "येक साल राहिलंय ना?"

"राहू दे. मला झाडावर चढता येतं."

"तुझा प्रोफेसर काय सांगतो? झाडावर चढ सांगतो?"

मी सांगितले की प्रोफेसरांच्या मते मुख्य काम आगीचे आहे, टाहाळाचे नाही. जमीन तापली म्हणजे झाले. झाडाखालचा पाचोळा, गवत, पेंढा आणि शेण यांनीही ती तापायला हवी. पण हे अजून कोणी नीट करून पाहिलेले नाही.

दादा म्हणाला, "निम्मा टाहाळ हाय. निम्मा पाचोळा घाल. अर्धं आज्याचं, अर्धं तुझ्या पुस्तकाचं. पाचोळ्यावर रोप आलं, तर मग झाडावर चढायचं कामच नाय, तू आपला शिक. नाय आलं, तर दिवाळीला पेटी घेऊन ये आणि नांगर धर."

दादाने सौदा केला की तो पक्का. मी आणि वहिनीने पंधरवडाभर रानातला पाचोळा झाडून आणला. धर्माकाका बांधावर बसून म्हणाला, "पुण्याला झाडू माराया शिकवतात व्हय?" पण दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या गोठ्यातले शेण न सांगता आणून टाकले. राबाच्या तुकड्यावर आम्ही मधोमध दोरी ताणली, एका बाजूला टाहाळ, एका बाजूला पाचोळा. दादाला पाठुंगळी मारून मी शेतावर नेले. भाजणी त्याने बांधावर बसून बघितली. पाचोळ्याची आग लवकर विझली. टाहाळाची संध्याकाळपर्यंत धुमसत राहिली. ते आम्ही दोघांनी पाहिले आणि मी दादाला पुन्हा पाठीवर घेऊन घरी आणले.

कॉलेज सुरू होते त्या दिवसांत आमच्याकडे बी पेरायचे असते, त्यामुळे रोप कसे आले ते मला बघायला मिळणार नव्हते. म्हणूनच त्या दिवशी मी पेटी उतरवत होतो आणि चढवत होतो.

पुण्यातले ते चार महिने मी कसेबसे काढले. दादाचे कार्ड येई त्यात सर्व खुशाल एवढेच असे. प्रॅक्टिकलला नळीतली माती हलवताना मला वाटे, तिकडे रोप पिवळे पडले असेल. दिवाळीची सुटी लागली तेव्हा मी पुस्तके, कोट, भिंतीवरचा आरसा, सगळे पेटीत भरले आणि मेसच्या भटजींना नमस्कारही करून आलो. सौदा तसाच होता.

घरी पोचलो तेव्हा दादा काठी टेकत अंगणात फिरत होता. त्याने पेटीकडे बघितले. म्हणाला, "ही कशाला आणलीस? वझं व्हायला?"

मी विचारले, "रोप?"

"आलं."

"दोन्ही बाजूंचं?"

"दोनी सारखी. येकाच दिवशी उपटली, येकाच दिवशी लावली. आता कुठलं कुठं गेलं ते भाताला विचार."

शेतात भात कापणीला आले होते आणि त्यात कुठलाही फरक दिसत नव्हता. मला हवी होती तशी निरीक्षणे म्हणजे रोपाची उंची, गवत, उपटायच्या वेळची मुळे, हे सगळे त्या एका दिवसाच्या लावणीत, आमच्याकडच्या भाषेत आवणीत, मिसळून गेले होते. पुण्याला परत गेल्यावर प्रोफेसरांनी विचारले, कोणती बाजू सरस ठरली? मी म्हणालो, "दोन्हींचा भात शिजवून खाल्ला, सर." ते खूप हसले आणि म्हणाले, एवढ्यावर डिग्री देता येणार नाही, दुसरे काही कर. मी दुसरे काही केले आणि पास झालो.

नोकरी खानदेशात लागली. तिथली जमीन काळी, खोल, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. पहिल्या वर्षी मी त्या मातीला परका होतो. आता तिचा वास मला ओळखू येतो. लोक शेतकी साहेब म्हणतात. शेतावर जेवायला बसलो की ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढे येतो आणि तो मला आवडतो, हे आमच्या आयला पटवणे मात्र जमले नाही. तिच्या मते भात न मिळणारे माणूस उपाशी असते. माझी बायको धुळ्याची, मुले तिथली बोली बोलतात, आणि धुळ्यातले राहते घरही आता आमचे स्वतःचे आहे. गावाकडून बाहेर पडलेले माझ्या वयाचे कोणी भेटले की पुष्कळदा सुस्कारे टाकतात. मला तसे सुस्कारे टाकता येत नाहीत. मला माझे काम आवडले. शेतकऱ्याच्या बांधावर उभे राहून त्याची माती हातात घेताना मी नेहमी मनात म्हणत आलो की माझ्या पाचोळ्याने मला इथवर आणले.

दादा यंदा आषाढात गेला. ताप आला आणि तीन-चार दिवसांत आटोपले. मी पोचलो तेव्हा उशीर झाला होता. त्याचे दिवस झाले त्या दिवशी दुपारी पाहुणे पांगले, धर्माकाकाचा थोरला जेवून गेला, आणि मी व वहिनी मागल्या दारी बसलो. ती काही करत नव्हती, नुसती बसली होती. मी तिला बरे वाटावे म्हणून म्हणालो, दादाने माझे ऐकले म्हणून तो पाचोळ्याचा राब साधला, नाहीतर मी आज इथेच असतो.

वहिनीने माझ्याकडे बघितले आणि त्या एवढ्या दुःखातही तिला हसू आले.

"भावजी, कसला साधलाय? तुमच्या बाजूला नुसतं गवत! रोप दिसंना. हे धर्माकाकांच्या गाडीत बसून शेतावर गेले, बांधावरून खाली उतरले, पाय लांब करून ढुंगणावर सरकत सरकत निंदत बसले. रोज. मी म्हनलं, सोडा की, तो येईल परत, बरंच हाय. तर मलाच वरडले."

"मग रोप पुरलं कसं?"

"कुठलं पुरतंय? धर्माकाकांनी दिलं त्यांच्या राबातलं. आन् ह्यांनी सगळ्यांना सांगून ठिवलं, गज्याला कुणी बोलायचं नाय. म्हातारा मरेस्तवर नाय बोलला बघा. त्यो, ज्याच्या पोटात काय राहायचं नाय!"

माझ्यातला शेतकी साहेब जागा झाला. मी विचारले, गवत कोणते होते? रुंद पानाचे की लव्हाळा? रोपाची उंची केवढी? वहिनीने मनगटाच्या जरा वर बोट ठेवून दाखवले, "एवढीच." मग "टाहाळाची हितपत," असे म्हणत कोपराशी बोट नेले. मूळ कसे होते? रंग? ती सांगत गेली. तिला सगळे आठवत होते. मध्येच ती म्हणाली, "आता परीक्षा द्यायची का तुमाला?" आणि आम्ही दोघे हसलो, आणि मग हसता हसता ती रडली आणि मीही.

त्या संध्याकाळी मी एकटाच शेतावर गेलो. आवणी होऊन गेली होती, खाचरांत पाणी होते. ज्या बांधावर दादा तेव्हा बसला होता तिथे मी बसलो. पाचोळ्याचा राब लवकर विझला हे आम्ही दोघांनीही त्याच दिवशी पाहिले होते. म्हणजे मी गाडीत बसलो तेव्हाच त्याला कळले असावे की रोप येणार नाही. तरी त्याने मला जाऊ दिले.

गावात राहिलेले आणि माझ्यासारखे निघून गेलेले, सगळेच मला नेहमी विचारतात, तुझे घर नक्की कुठले? धुळ्याचे घर माझे आहे, ते मी उभे केले, इथे मी सुखात आहे आणि परवा इथेच परत आलो. पण सिद्धगडाखालचे घरही माझे आहे. त्या घरात मी एक सौदा हरलो होतो, आणि सगळ्या गावाने मिळून मला ते कळू दिले नाही.