बाटलीवरची बसंतीबाई

बसंतीबाईला स्वतःचं तोंड बाटलीवर पहिल्यांदा दिसलं तेव्हा ती मुलाच्या नव्या बंगल्याच्या अंगणात मिरच्या वाळत घालत होती. सून सुरभी लगबगीनं आली आणि तिनं एक काळीभोर बाटली सासूपुढे धरली. बाटलीवर सोनेरी अक्षरांत 'बसंती' आणि त्याच्या वर कानांशी चांदीच्या घुगऱ्यांचे दागिने लोंबणाऱ्या एका बंजारा बाईचं चित्र. चित्रकारानं सुरकुत्या सगळ्या गाळल्या होत्या, बसकं नाक तेवढं जसंच्या तसं ठेवलं होतं.

"आई, आपल्या मळ्याची पहिली रेड वाइन. तुमचंच नाव दिलंय!"

"माह्यं?" बसंतीबाईनं मिरचीचे हात लुगड्याला पुसले. "म्हंजे मले आता दारूच्या दुकानात फळीवर उभी करता?"

सुरभी हसली. पुण्याची पोर, सासूचं बोलणं तिला नेहमी गंमतच वाटायचं.

बसंतीबाई गंमत करत नव्हती. तिचा नवरा रामधन तांड्यामागच्या नाल्यात मोहाची हातभट्टी लावायचा. विकायचा कमी, प्यायचा जास्त. पोट फुगून मेला तेव्हा बादल शाळेतही जात नव्हता. तेरवी आटोपली आणि बसंतीबाई शेजारच्या तानाबाईला घेऊन नाल्यावर गेली. दोघींनी कुऱ्हाडीच्या दांड्यानं मडकी फोडली. मग बाकीच्या बाया निघाल्या. पुरुष शिव्या देत राहिले, तांड्याचा नायक समजुती घालत राहिला, पण तांडा कोरडा झाला तो झालाच. तेव्हापासून पिणाऱ्या माणसाकडे बसंतीबाई पाहायची ती चपलेला लागलेल्या शेणाकडे पाहावं तशी.

बादल आश्रमशाळेत शिकला, अकोल्याला शेतीचं शिकला आणि नाशिककडे नोकरीला लागला. काय काम करतो म्हणून विचारलं की सांगायचा, "याडी, द्राक्षाच्या रसाचा कारखाना हाय." याडी म्हणजे आई. याडीनं साऱ्या तांड्याला सांगितलं, माहा बादल रसाचा साहेब हाय. साहेब परदेशी जाऊन आला, बक्षिसं आणली, मोठमोठ्या हॉटेलांत लोक त्याचं नाव घेऊन बाटल्या मागवू लागले. मग त्यानं आपल्या मुलुखात परतून कळंबच्या पुढे टेकडीच्या उतारावर जमीन घेतली, द्राक्षं लावली, दगडी बंगला बांधला. आजवर दुसऱ्यांच्या कंपन्यांसाठी वाइन केली, ही मात्र घरची, असं म्हणून त्यानं आईलाही तांड्यावरून तिथं आणलं.

आली त्याच दिवशी तळघरातली लाकडी पिंपं पाहायला ती कौतुकानं निघाली. वास आला आणि दारातच थांबली.

"बादल्या, रस सडवला की काय व्हते, हे तू मले शिकवतं का?"

"याडी, ही दारू नाही. वाइन हाय. मोठे लोक जेवनासंगं घेतात."

"तुहा बाप तरी कुठी दारू म्हने तिले? तो औषध म्हने."

तरी ती राहिली. पोरगा एकुलता. शिवाय सकाळी वेलींच्या ओळींतून हिंडताना पोरानं झाडाझाडाला जीव लावलाय हे तिला दिसत होतं. तोंडानं मात्र म्हणायची, "येवढ्या मायेनं तूर लावली असती तं गावानं वरन तरी खाल्लं असतं."

शनिवारी नागपूर, हैदराबादच्या गाड्या यायच्या. पाहुणे पेला गरगर फिरवत, त्यात नाक खुपसत, आढ्याकडे डोळे लावत, घोट तोंडात खळखळवत आणि बादलीत थुंकत. बसंतीबाईला हसावं की ओकावं कळेना. "थुंकाचीच व्हती तं तोंडात घेता कायले?" तिनं एका दाढीवाल्याला विचारलंच.

"आजी, ही समजून घ्यावी लागते. हिच्यात जांभूळ आहे, धूर आहे, जुन्या चामड्याचा वास आहे."

"चामड्याचा वास पाह्यजे तं चपला हुंगा ना बाप्पा!"

दाढीवाला खूश झाला. त्यानं हे वाक्य मित्रांना सांगितलं.

मग 'बसंती' बाजारात आणायचा समारंभ ठरला. सुरभीनं पांढरकवड्याच्या एका नाचाच्या पथकाकडून आरशांची फेटिया-कांचळी, म्हणजे बंजारा घागरा-चोळी, आणि घुगऱ्या आणवल्या. बसंतीबाई कित्येक वर्षं लुगडं नेसत होती. "मी का नाचून राह्यली कुठी?" असं ती कुरकुरली, पण बादल म्हणाला, "याडी, माह्यासाठी." म्हणून तिनं ते जड ओझं अंगावर चढवलं आणि मांडवात पुढच्या खुर्चीवर जाऊन बसली. लोक येऊन तिच्याशेजारी वाकून फोटो काढू लागले.

बादल बोलायला उभा राहिला. म्हणाला, ही कला आमच्या रक्तात आहे. वडील मोहाची फुलं आंबवायचे, आई याच हातांनी मडकी भरायची. तो वारसा आज या बाटलीत आहे.

बसंतीबाई उठली. आरसे किणकिणले.

"हे लबाड हाय," ती मोठ्यानं म्हणाली. "म्या मडकी भरली नाही, फोडली! ह्याचा बाप पिऊन मेला. त्याच्यात काय वारसा हाय?"

मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सारा मांडव टाळ्यांनी भरून गेला. एक बाई मोबाइल समोर धरून पुढे आली. "आजी, तेच पुन्हा म्हणा ना. जरा इकडे बघून."

बसंतीबाईला शिव्या येत होत्या, तांड्याच्या गोरबोलीतल्या वेगळ्या आणि मराठीतल्या वेगळ्या. पण दिल्या असत्या तर त्यांनाही टाळ्या पडल्या असत्या. तिनं घुगऱ्या उतरवल्या, खुर्चीवर ठेवल्या आणि आत निघून गेली. दुसऱ्या दिवशी गाठोडं घेऊन एसटीनं तांड्यावर परतली.

आठवड्यानं बादल आला. तानाबाई तिथंच तूर निवडत बसली होती.

"याडी, म्या तुले मान देल्ला. काहून आली निंगून?"

"मान? तुहा बाप मले घरात मारे. तू चारचौघांत मांडून राह्यला."

बादलचे डोळे भरले. "काढतो नाव," तो म्हणाला. "पन मंग दुसरं काय ठेवू?"

"बापाचं ठेव! जनमभर त्यानं तेच केलं. मले कायले मधात ओढतं?"

तानाबाई तोंडाला पदर लावून हसली. बसंतीबाईनं टोमणा मारला होता, पण पोरानं तो मनावर घेतला. पुढच्या बाटल्यांवर खरंच 'रामधन' आला. फोटो कुठंच नव्हता, तेव्हा चित्रकारानं भरदार मिशांचा, लाल पागोट्याचा देखणा गडी काढला. बादलनं आणून दिलेली बाटली बसंतीबाईनं दूर धरून न्याहाळली.

"हा कोन? असा मानूस भेटला असता तं म्या कायले भांडली असती!"

सुरभीकडून पत्ता घेऊन कुणी हौशी पाहुणे आजही तांड्यावर येतात. बसंती कुठे राहते, म्हणतात. "मेली," असं सांगून बसंतीबाई शेळ्या हाकत पुढे जाते.

बादल मात्र येतो. मध्यंतरी 'रामधन'ला परदेशात पदक मिळालं, तेव्हा ते खिशात घालून दाखवायला घेऊन आला. तिनं हातात घेतलं, उलटसुलट केलं.

"जिवंतपनी कोनी लोटाभर पानी नाही देल्लं त्याले," ती म्हणाली, "अन् आता पदक." मग ते त्याच्या हातात परत देऊन चुलीकडे वळली. "बस. भाकर गरम हाय तवर खाऊन घे."