आजोबा काही निघेनात

माझे आजोबा फार लोकप्रिय होते. हे मी अभिमानाने सांगत नाही. लोकप्रिय माणसाच्या घरी राहिलेलं कुणीच ते अभिमानाने सांगत नाही.

तैवानमधल्या आमच्या शीलो गावात ते स्वयंपाकाच्या गॅसचे सिलेंडर पोहोचवत. मोटरसायकलच्या दोन्ही बाजूंना सिलेंडर टांगून सकाळी निघायचे आणि पहिल्याच घरी अडकायचे. सिलेंडर बसवून झाला की शेगडी पेटायची, तिच्यावर चहाचं पाणी चढायचं, चहाबरोबर सुनेची तक्रार यायची, तक्रारीमागून सासू यायची, आणि दोघींचंही कसं बरोबर आहे हे दोघींना वेगवेगळं पटवून देईपर्यंत दुपार व्हायची. तोवर पलीकडच्या गल्लीत कुणाचा तरी भात अर्धा कच्चा बसलेला असायचा. अख्ख्या गावाने कधी ना कधी त्यांच्यापायी कच्चा भात खाल्ला, तरी दुसऱ्या गॅसवाल्याला कुणी फोन केला नाही. लोक याला प्रेम म्हणतात. आजी म्हणायची, "गावाला अक्कल नाही."

निरोप घेणं ही त्यांची खास कला. उठायचे, "चला, निघतो," म्हणायचे आणि पुन्हा बसायचे. दारात पोहोचले की खरा विषय निघायचा. बाबा लहान असताना आजी त्यांनाच आजोबांना आणायला पाठवायची. बाबा कुणाच्या तरी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभे राहून "आबा" अशी हाक मारायचे, इतकी हळू की त्यांची त्यांनाही ऐकू जाऊ नये. आजोबा कौतुकाने सांगायचे, "हा माझा मिंग-त्सुंग. बोलतो फार कमी. आईवर गेलाय." त्याच वेळी चार घरं सोडून हीच आई, म्हणजे आजी, त्यांच्या नावाने जे ओरडत असायची, ते तिथवर स्वच्छ ऐकू यायचं.

गेल्या वर्षी आजोबा गेले. दुपारी जेवून आडवे झाले आणि उठलेच नाहीत. आयुष्यात तेवढी एकच गोष्ट त्यांनी निरोप न घेता केली. गावाला वाटलं, इतक्यात कसे जातील, दारात थांबले असतील.

थांबलेच होते म्हणा. आमच्याकडे गेलेल्या माणसाला लगेच पितरांत बसवत नाहीत. वर्षभर त्याच्या नावाचा कागद वेगळ्या चौरंगावर असतो, उदबत्तीचं भांडंही वेगळं. वर्ष झालं की त्याला कौल लावून विचारायचं. तो हो म्हणाला, तर कागद जाळायचा, त्याच्या भांड्यातली चिमूटभर राख पितरांच्या भांड्यात मिसळायची, आणि चौरंग उचलायचा.

हे वर्ष बाबांना मानवलं. ज्या माणसापुढे त्यांना जन्मात एक वाक्य पुरं करता आलं नव्हतं, तो आता समोर गप्प बसला होता. बाबांनी संधी सोडली नाही. रोज पहाटे चहाचा पेला ठेवायचे आणि बोलत राहायचे. मागच्या अंगणातला नळ गळतो, गुडघा दुखतो, नातीचं शिकणं काही संपत नाही. नात म्हणजे मी. मी वरच्या खोलीत पडून माझी बदनामी ऐकायचे आणि खाली जायचं टाळायचे. घरातल्या कुणाशीही बाबा इतकं बोललेले मला आठवत नाहीत.

वर्षश्राद्धाला पुरोहित आले, तैपेईहून श्योलुआन आत्या आली. टेबलावर कोंबडी, मासा, लाल कासवाच्या आकाराच्या गोड वड्या मांडल्या. कौल लावायचा मान थोरल्या मुलाचा. बाबांनी कौलाच्या दोन्ही लाकडी कोरी, एका अंगाने सपाट, दुसऱ्या अंगाने फुगीर, अशा ओंजळीत घेतल्या, डोळे मिटून ओठातल्या ओठात काही विचारलं आणि कोरी जमिनीवर टाकल्या.

एक उताणी आणि एक पालथी पडली तर होकार. या दोन्ही उताण्या पडल्या, म्हणजे ना हो, ना नाही.

"हसतायत," पुरोहित म्हणाले.

"हसणारच," आजी म्हणाली. "जन्मभर दुसरं काय केलंय?"

बाबांनी पुन्हा विचारलं. दोन्ही पालथ्या. नकार. पुन्हा विचारलं, पुन्हा नकार.

"दादा, नीट विचार ना," आत्या घड्याळाकडे बघत म्हणाली. "मला गाडी गाठायचीय."

"विचारतोय."

"काय विचारतोयस? मला इथे शेजारी ऐकू येईना, त्यांना तिकडे काय येणार!"

मग आजोबांना नक्की काय हवंय, यावर चर्चा सुरू झाली. आत्याने कोपऱ्यावरून विडे आणून ठेवले. आजी म्हणाली, "उचल ते. डॉक्टरांनी बंद केलेत." आत्या म्हणाली, "आई, आता काय होणार आहे त्यांना?" विड्यांनाही नकार आला. दारात शेजारपाजारचे जमलेच होते. त्यातल्या जुंग काकू लाजत पुढे झाल्या. "त्यांना माझ्या हातच्या मुळ्याच्या वड्या फार आवडायच्या हो. आमच्याकडे आले की..." आणि चक्क ताट घेऊनच आल्या. वड्या ठेवल्या. कोरी पडल्या. नकार. वर्षभरात पहिल्यांदाच आजीच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं.

"मध्यान्हीपर्यंत कौल नाही आला," पुरोहित घाम पुसत म्हणाले, "तर राहू द्यावं. पुढच्या वर्षी बघता येईल."

"हो, हो. पुढच्या वर्षी बघू," बाबा म्हणाले.

बाबा सहसा कुणाला इतक्या झटकन उत्तर देत नाहीत. त्यांनी कोरी खिशात घालायलाही सुरुवात केली. आजीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, शेगडीवरचं दूध उतू जाण्याआधी बघते तसं.

"मिंग-त्सुंग. तू त्यांना विचारतोयस काय?"

बाबांनी खिशाकडे गेलेला हात मागे घेतला.

"शब्द सांग. जसे विचारलेस तसे."

बाबा जमिनीकडे बघत म्हणाले, "आबा, अजून थोडे दिवस इथेच थांबायचं का?"

म्हणजे विड्यांना नकार, वड्यांना नकार असं आम्ही जे जे समजत होतो, ते आजोबांचं साधं उत्तर होतं: नाही, थांबायचं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच ते वेळेवर निघाले होते, आणि त्यांना दारात धरून ठेवलं होतं ते बाबांनी.

मला वाटलं, आजी आता त्यांना सोलून काढणार. तिने फक्त त्यांच्या हाताखाली हात धरला, कोरी सांडू नयेत म्हणून धरावा तसा.

"आता मोठ्याने विचार," ती म्हणाली. "मलाही ऐकू दे."

"आबा," बाबा म्हणाले, आणि आवाज फाटला. मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "आबा, निघता का?"

एक कोर उताणी, एक पालथी.

आत्याने घड्याळाकडे पाहिलं नाही. कागद जळाला. बाबांनी चिमूटभर राख पितरांच्या भांड्यात मिसळली. बोटांना चिकटलेली मात्र बराच वेळ झटकली नाही. आजीने पितरांना हात जोडले. "यांना आणून सोडलंय बरं का. आता तुमची झोप गेली. मागून माझ्याकडे तक्रार घेऊन यायचं नाही." जुंग काकू रडल्या. त्यांच्या वड्या सगळ्यांनी खाल्ल्या, आजीनेही दोन खाल्ल्या, आणि मीठ कमी आहे म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी सवयीने जागी झाले. खाली चहा ओतल्याचा आवाज आला आणि मग काहीच नाही. चौरंग तर आदल्या दिवशीच उचलला होता. मी जिन्यात येऊन उभी राहिले. बाबा पेला घेऊन पितरांच्या मोठ्या देव्हाऱ्यासमोर उभे होते. आजोबा, त्यांचे वडील, त्यांचेही वडील, अशी सगळी मंडळी समोर. इतक्या माणसांसमोर बोलायची बाबांना सवय नव्हती.

त्यांनी पेला ठेवला. "आबा," ते म्हणाले. नेहमीसारखंच, हळू. मग मान वर केली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "आबा, नळ दुरुस्त झाला!"

आतल्या खोलीतून आजी ओरडली, "लोकांना झोपू देशील की नाही? अगदी बापावर गेलाय मेला!"