चौथ्यापासून सुरुवात

महाडला नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत जुनी पुस्तकं विकणारे ते चाचा मला एकदाच भेटले. दोन दिवस पाऊस थांबला नव्हता, सावित्री फुगत चालली होती आणि चाचा पुस्तकांचे गठ्ठे माळ्यावर चढवत होते. गावातल्याच एका चित्रकाराची आठ कॉमिक्स त्यांच्याकडे होती. मी दारात उभ्या उभ्याच विचारलं, "नवीन वाचणाऱ्याने कुठून सुरुवात करावी?"

हात न थांबवता ते म्हणाले, "चौथ्यापासून. पयली तीन मागच्या मोठ्या पुराच्या आधीची हायत. त्यांत बघा, माणसं नदीकडं पाठ करून निवांत उभी हायत. पूर बघितलेला माणूस तसा उभा ऱ्हात नाय."

मी चौथं उघडलं. चहा पिणारा, दाढी करून घेणारा, बायकोशी भांडणारा, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला.

"हेच द्या," म्हणत मी मान वर केली. इतका वेळ बोलत होते, पण चाचांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. त्यांची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे होती. नदी माझ्या पाठीमागे होती आणि मला वळून बघायचा धीर होईना.