मिठाच्या पाण्यातल्या तिघी

त्याला सगळी गल्ली करंट्या म्हणायची, आणि त्याला त्याचा राग नव्हता. विजेशी खेळतो म्हणून करंट्या, आणि नशीब यथातथाच म्हणूनही करंट्या. एकाच नावात दोन्ही कामं उरकतात, असं तो स्वतःच हसून सांगायचा. आधी तो घड्याळं दुरुस्त करायचा. लोकांनी मनगटं मोकळी करून खिशात फोन घातले, तेव्हा हा फोन उघडायला शिकला. मग रस्त्यावर विजेच्या स्कूटरी धावू लागल्या आणि हा त्यांच्या बॅटऱ्यांकडे वळला. जग पुढे पळायचं आणि हा हातात पाना घेऊन त्याच्या मागे.

बॅटरीचं काम म्हणजे विस्तवाशी मैत्री. आपटलेली, तापलेली, फुगलेली बॅटरी उघडताना पेटली, तर माणसाला ओरडायलाही सवड मिळत नाही. करंट्याच्या डाव्या दंडाची कातडी अशाच एकीने सोलून नेली होती. शेजारच्या गाळ्यातल्या वेल्डरचा तर अर्धा चेहरा गेला होता. म्हणून दुकानामागे एक पिंप होतं आणि त्यात मिठाचं पाणी. खराब बॅटरी त्यात बुडवायची, आतला सगळा जीव निघून जाऊ द्यायचा, आणि मगच ती फाडायची. या कामाला तो 'मारणं' म्हणायचा. त्याच्या बायकोलाही ही भाषा पाठ होती. जेवायला वाढताना ती विचारायची, "आज किती मारल्या?"

सध्या मात्र वाढायला ती घरात नव्हती. या शहाण्याने एक फुगलेली बॅटरी दुकानात जागा नाही म्हणून घरी आणली आणि चक्क पलंगाखाली ठेवली. बायकोने पातेलं भिरकावलं. "एक दिवस मारशील तू मला!" हे तिचं वाक्य पार कोपऱ्यापर्यंत ऐकू गेलं, आणि ती पिशवी भरून मावशीकडे निघून गेली. चूक कबूल करून तिला थांबवावं एवढं याला सुचलं नाही. तिच्या भावालाही कोणी कळवलं नाही, कारण तो तापट. विजेवरची टॅक्सी चालवायचा, आणि बहिणीचं नाव निघालं की ब्रेक कुठे असतो ते विसरायचा.

तिला जाऊन आठवडा होत आला, तेव्हा घरपोच माल पोचवणारा एक स्कूटरवाला दुकानात आला. डोळ्यांवर नवा कोरा चष्मा, आणि त्याच्या दांडीत कॅमेरा. समोरच्याला कळतही नाही की आपलं चित्र निघतंय.

"माझी कधी देणार?" त्याने विचारलं.

"थांब रे. काल तिघी मारल्या," करंट्या मान वर न करता म्हणाला. "दोघी लगेच गेल्या. तिसरी भलती चिवट. फुगली होती, तरी जीव सोडेना. शेवटी पाण्यात दाबली आणि वर दगड ठेवला. आता सवडीने फाडतो."

स्कूटरवाला खो खो हसला. घरी जाऊन त्याने चष्म्यातल्या चित्रणाचा तेवढाच तुकडा कापला, खाली हसणारे चेहरे चिकटवले आणि दिला नेटवर सोडून. त्याला वाटलं, गंमत. पुढे कोणा दिवट्याने ते हसणारे चेहरे काढून टाकले आणि वर लिहिलं, 'हा राक्षस आपल्याच भागात राहतो.'

त्याच संध्याकाळी आपलं यान चंद्रावर उतरायचं होतं. मोबाईलच्या दुकानातल्या मोठ्या पडद्यापुढे सगळी गल्ली लोटली होती. करंट्याही मागे उभा होता, आणि त्याला काळजी एकच, की तिथल्या गारठ्यात बॅटरी टिकते की नाही. पडद्यावरची रेघ खाली खाली आली, थरथरली आणि थांबली. संपर्क तुटला.   मग सगळ्यांनी आपापले फोन बाहेर काढले, आणि तो तुकडा तिथे वाट पाहतच होता.

एकेक मान वळू लागली. करंट्याला आधी कळेचना.

"तुझी बायको कुठंय रे?" इस्त्रीवाल्याने विचारलं.

"मावशीकडे. का?"

इस्त्रीवाल्याने फोन त्याच्या नाकापुढे धरला. करंट्याने पाहिलं, ऐकलं, आणि तो हसला. मोठ्याने हसला. तिथेच सगळं बिघडलं.

"हसतोय बघा नालायक!"

"अहो, बॅटऱ्या! बॅटऱ्या मारल्या मी!"

"ती ओरडत होती, मारशील मला म्हणून. मी या कानांनी ऐकलंय!"

"आणि बाकीच्या दोघी कोण? याची बहीण बऱ्याच दिवसांत दिसली नाही..."

बहीण दुसऱ्या गावात सुखाने नांदत होती. पण ते ऐकायला कोणाला फुरसत? त्याला गचांडी धरून पिंपापाशी नेलं. गंजाने पाणी तांबडं झालं होतं. पुढच्यांनी ते पाहिलं आणि मागच्यांना सांगितलं, आणि मागच्यांपर्यंत पोचेतो त्याचं रक्त झालं.

"हात घालून बघा ना आत!" करंट्या ओरडला.

"म्हणजे शॉक देऊन आम्हालाही मारशील?"

तरीही अजून कोणी हात उचलला नव्हता. गर्दी म्हणजे भित्रीच. सुरुवात दुसऱ्याने करावी म्हणून खोळंबलेली. तेवढ्यात बायकोचा भाऊ आला. तो तुकडा त्याच्याही फोनवर पोचला होता. टॅक्सी भर रस्त्यात दार उघडं टाकून तो जॅकचा दांडा घेऊन धावत आला होता.

"दाजी," तो म्हणाला, "काय केलंस तिचं?"

उत्तराला तो थांबला नाही. दांडा बरगड्यांवर बसला आणि करंट्याला आपल्या आत काहीतरी मोडल्याचा आवाज ऐकू आला. मग गर्दीची भीड चेपली. विटा, चपला, लाथा. कोणीतरी त्याचा उजवा हात उंबऱ्यावर ठेवून त्यावर उडी मारली. इतकी वर्षं त्या बोटांनी केसाएवढ्या तारा जोडल्या होत्या.

भावाच्या खिशातला फोन वाजला. त्याने तो बाहेर काढला आणि पडद्यावर बहीण दिसली. केस विस्कटलेले, आवाज फाटलेला. "दादा! मी मावशीकडे होते! तो तुकडा बघून निघाले, बसमध्ये आहे! त्या बॅटऱ्या आहेत रे, बॅटऱ्या! सोडव त्यांना!"

भाऊ पांढराफटक पडला. त्याने फोन वर धरला. "थांबा! ही बघा, जिवंत आहे!"

"बनवलंय ते! गेल्या महिन्यात जाहिरातीत मेलेला नट साबण विकत होता. चेहरा बनवतात, आवाज बनवतात!"

भावालाही क्षणभर शंका आली. "आई तुला काय म्हणायची?" त्याने विचारलं.

"ठकी! ठकी म्हणायची! दादा, पाया पडते तुझ्या!"

त्याने दांडा फेकून दिला आणि तो गर्दीसमोर आडवा झाला. "ही माझी बहीण आहे! हात लावाल तर याद राखा!"

"हा पण सामील आहे!" मागून कोणीतरी ओरडलं, आणि वीट आली. फोन जमिनीवर पडला, पडदा आकाशाकडे. भाऊ करंट्यावर पालथा पडला आणि त्याने दोन्ही हातांनी त्याचं डोकं झाकलं. करंट्याला प्रत्येक फटका त्याच्या अंगातून जाणवत होता. "हलू नकोस दाजी," असं तो कानाशी म्हणत राहिला. मग म्हणेनासा झाला. गर्दी पांगली तरी त्याचं ओझं तसंच होतं, आणि एका हाताने ते बाजूला सारणं करंट्याला जमलं नाही.

दवाखान्यात करंट्याने डोळे उघडले तेव्हा बायको खाटेशी बसली होती. रडून रडून तिचा चेहरा सुजला होता.

"दादा तुम्हाला वाचवायला धावला," ती म्हणाली. "गाडी रस्त्यात टाकून आला. बसमधून येताना त्याचा फोन लागला, तेव्हापासून मी सगळं ऐकत होते हो. मी ओरडत होते."

हवालदार वही घेऊन उभा होता. "एवढंच सांगा, पहिला फटका कोणी मारला? तो सापडला की बाकीचे आपोआप बोलतील."

 श्वास घेतला की करंट्याच्या बरगड्या कळवळत होत्या.

"सांगा ना," बायको म्हणाली. "घाबरू नका. ज्याने सुरुवात केली ना, त्यानेच माझा दादा मारला. मला त्याचं नाव हवंय."

उभ्या आयुष्यात करंट्याला धड खोटं बोलता आलं नव्हतं. गिऱ्हाइकाला उद्या देतो म्हणतानाही तो अडखळायचा.

"मागून आला," तो म्हणाला. "तोंड दिसलं नाही."

हवालदाराने वही मिटली. बायकोने पुढे होऊन त्याच्या छातीवरची चादर सारखी केली, आणि दुखू नये म्हणून हात अगदी हलका ठेवला.